एकट्यानं पाहायचं नाटक

"ना गोष्ट आपली, ना भाषा आपली, ना रंगमंच आपला. मग त्यात पाहायचं काय?" मुरबाडचे आमचे एक स्नेही, निवृत्त शिक्षक, डिसेंबरात असं म्हणाले, आणि ते वाक्य डोक्यातून जाता जाईना. निमित्त होतं एका ऑनलाइन नाटकाचं. चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' शेक्सपिअरच्या थाटात, यमक नसलेल्या दहा-दहा अक्षरांच्या ओळींत बांधलेली आणि घरबसल्या फोनवर बघायची. शहापूरची आमच्या ओळखीतली कॉलेजची मुलं ते बघणार होती. सरांना ते रुचलं नव्हतं.

स्क्रूजची गोष्ट मी सांगत बसत नाही. कवडीचुंबक म्हातारा, नाताळची रात्र, आधी मेलेल्या भागीदाराचं भूत, मग आणखी तीन, आणि सकाळी पालटलेला माणूस, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं.

गोष्ट आपली नाही, हा आक्षेप मला सर्वांत कच्चा वाटतो. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. शेक्सपिअर तेव्हा पंधरा वर्षांचा होता. स्टीफन्स पुढं सासष्टीच्या खेड्यांत रमला, मराठी शिकला आणि ख्रिस्ताच्या जन्माची, मरणाची आणि त्याही आधीची सगळी कथा त्यानं सुमारे अकरा हजार ओव्यांत लिहिली. हे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, आणि त्याच वर्षी तिकडे शेक्सपिअर वारला. म्हणजे त्याच्या हयातीतच त्याच्या एका देशबांधवानं नाताळची कथा ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात आणून ठेवली होती. आणि ती कपाटात पडून राहिली नाही. गोव्याच्या चर्चमध्ये जमलेल्या लोकांपुढं ती पिढ्यान्‌पिढ्या गायली गेली. धर्मप्रसार हा तिचा हेतू होता, हे विसरायचं कारण नाही. त्या काळातल्या गोव्यात हिंदूंवर काय गुजरलं, तेही विसरता येत नाही. पण हे सारं मान्य करूनही ती ओवी आपलीच आहे. परक्या गोष्टीला ऐकणाऱ्याचा छंद मिळाला की ती परकी राहत नाही. डिकन्सच्या गोष्टीला कुणी जुन्या नाटकाचा छंद देत असेल, तर ती वाट स्टीफन्सनं चारशे वर्षांपूर्वी चालून दाखवली आहे.

भाषेबद्दल फार बोलायला नको. आगरकरांनी १८८३ मध्ये 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, आणि 'नटसम्राट'मागं उभा असलेला लिअर कुणाला दिसत नाही? शिवाय कॅरलच्या सुरुवातीलाच डिकन्सला हॅम्लेटच्या बापाची आठवण होते. ही सरमिसळ त्यानं स्वतःच सुरू केली आहे.

उरला रंगमंच. इथं मी सरांच्याच बाजूनं होतो. नाटक म्हणजे माणसांनी जमणं, असं मी मानत आलो आहे. वैतरणेपलीकडे मोखाडा-जव्हारकडचा बोहाडा घ्या. संबळ वाजतो, टेंभे पेटतात, देव-दानवांचे मुखवटे चढवून सोंगं एकामागून एक नाचत येतात. पुढं काय होणार हे सगळ्यांना पाठ असतं, तरी गाव रात्रभर जागतं. पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत बैलबाजार उरकल्यावर तमाशाच्या फडापुढं बसणारा माणूसही एकटा बसलेला नसतो. चारचौघांत पाहणं वेगळं आणि एकट्यानं पाहणं वेगळं, हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हृषीकेश जोशींनी 'मोगरा' हे 'नेटक' केलं, तेव्हा कलाकार आपापल्या घरून थेट प्रयोग करत होते आणि प्रेक्षक आपापल्या घरात बसून पाहत होते. त्या धडपडीचं मोल मोठं आहे. पण गर्दीनं एकदम श्वास रोखून धरणं त्यात येत नाही.

मात्र हाच भेद घेऊन मी पुन्हा कॅरलकडे गेलो, तेव्हा अडलो. 'हॅम्लेट'मध्ये राजा क्लॉडियसला त्याचाच गुन्हा नाटक करून दाखवतात. भरलेल्या दरबारात तो मधेच उठतो आणि निघून जातो. नाटक त्याला बदलत नाही, उघडं पाडतं, कारण त्याच्याकडे बघणारे डोळे तिथं असतात. स्क्रूजचं नेमकं उलट. तो आपल्या निजायच्या खोलीत एकटा असतो. भुतं त्याला त्याचं बालपण दाखवतात, आठवड्याला पंधरा शिलिंगांवर राबणाऱ्या कारकुनाचं घर दाखवतात, त्या घरातलं आजारी पोर दाखवतात. तो बघतो, पण त्या दृश्यातल्या माणसांना तो दिसत नाही. त्याला हात लावता येत नाही, थांबवता येत नाही, आणि त्याचे डोळे भरून आलेले भुतांवाचून कुणी पाहत नाही. म्हणूनच तो रडू शकतो. ही सगळी गोष्टच एकट्यानं पाहण्याची आहे. रात्री अंथरुणात फोन धरून बसलेली शहापूरची मुलगी स्क्रूजच्याच जागी बसलेली असते. सरांना सर्वांत जास्त खुपलेली, आणि मलाही खुपलेली, ही ऑनलाइन मांडणीच या गोष्टीला सर्वांत जवळची निघाली. असं काही म्हणायला मी निघालो नव्हतो, पण आता मला ते नाकारता येत नाही.

शिवाय कल्याणचं अत्रे रंगमंदिर किंवा ठाण्याचं गडकरी रंगायतन गाठायचं, तर मुरबाडच्या मुलीनं रात्री परतायचं कसं? मुरबाडला अजून रेल्वे नाही. जवळ नाट्यगृह असलेल्यांनी फोनवरच्या नाटकाला नावं ठेवणं सोपं आहे.

तरीही सरांचा मुद्दा इथं संपत नाही. लहान मुलांच्या मजुरीवरचा सरकारी अहवाल वाचून डिकन्स आधी एक पत्रक लिहिणार होता. त्याऐवजी १८४३ मध्ये त्यानं ही गोष्ट लिहिली आणि एका सावकाराचं मन एका रात्रीत पालटलं. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी कर्ज काढलेलं आदिवासी जोडपं लग्नगडी म्हणून सावकाराच्या दारी राबत असे. ती प्रथा कुणा सावकाराच्या स्वप्नात भुतं येऊन मोडली नाही. १९४५ च्या जानेवारीत, आपल्या शेजारच्या टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं. डहाणू-उंबरगावकडचे वारली तिथं येऊन बसले, त्यांनी इतरांचं ऐकलं, आणि परतल्यावर वेठ नाकारली. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये तो सगळा काळ आहे. तिथं जागं होणं चारचौघांतलं होतं. स्क्रूजनं कारकुनाचा पगार वाढवला, पण कारकुनानं तो मागितला नव्हता. डिकन्सनं त्याला ती संधीच दिली नाही.

म्हणून मुलांनी ते नाटक फोनवर जरूर बघावं असं मी सरांना सांगितलं, आणि वर एक मागणं घातलं. हीच गोष्ट एकदा टेंभ्यांच्या उजेडात, ओवीत बांधून, उघड्यावर व्हावी. त्यात सोंगं येतील ती सावकाराच्या खोलीत नव्हे, तर गाव बसलं आहे त्या अंगणात, आणि सावकारही त्या गर्दीतच बसलेला असेल. क्लॉडियससारखा तो मधेच उठला, तर या वेळी कारकून काय बोलेल, ते लिहिणाऱ्याला नव्यानं लिहावं लागेल.