कारणाचा शोध

जुन्या वाहनातील दोष सपाट रस्त्यावर लपून राहतो आणि चढणीवर प्रकट होतो. माझी कार्बोरेटरची मारुती ८०० शहाद्याहून म्हसावदपर्यंत सुरळीत धावे. तोरणमाळचा घाट लागला की मात्र मिसिंग मारू लागे, म्हणजे इंजिन मध्येमध्ये अडखळू लागे. तीन सिलिंडरांच्या त्या इंजिनात एकाने साथ सोडली, की निदान एक तृतीयांश शक्ती नाहीशी होते. पुढे पुढे उभ्या गाडीतही इंजिन थरथरू लागले.

प्लग, वायरी, कॉइल, डेल्कोची (डिस्ट्रिब्युटरची) कॅप, सारे एकदम बदलून टाका, असा सल्ला अनेकांनी दिला. एका वयोवृद्ध मिस्त्रींनी तो मानला नाही. रबरी हातमोजे घालून त्यांनी चालू इंजिनच्या प्लगची एकेक वायर क्षणभर काढून पाहिली. ज्या सिलिंडरची वायर काढूनही आवाजात फरक पडला नाही, तो सिलिंडर काम करत नव्हता. त्याचा प्लग त्यांनी शेजारच्या सिलिंडरला लावला. दोष जागचा हलला नाही, म्हणजे प्लग निर्दोष होता. अंधार पडल्यावर बॉनेट उघडले, तेव्हा वायरीच्या भेगेतून इंजिनच्या धातूवर उडणारी निळसर ठिणगी दिसली. चढणीवर सिलिंडरमधील दाब वाढतो, प्लगमध्ये ठिणगी पडण्यास अधिक व्होल्टेज लागते आणि विद्युत्प्रवाह भेगेतली सोपी वाट धरतो. घाटातील दोषाचे कारण असे सिद्ध झाले. एक वायर बदलली आणि गाडी घाट चढू लागली.

सारे भाग एकदम बदलले असते तरी गाडी चालली असती. परंतु कारण अज्ञातच राहिले असते. एका वेळी एकच गोष्ट बदलणे आणि परिणाम पाहिल्याविना निष्कर्ष न काढणे, हा कर्माचा संयम आहे. त्याचबरोबर दिरंगाईही परवडत नाही. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइलचा थर धुऊन काढते आणि क्षुल्लक बिघाडाचे रूपांतर इंजिनच्या झिजेत होते.

सातपुड्याच्या दुर्गम पाड्यांवरून रुग्णाला दवाखान्यात नेणारे वाहन अनेकदा असेच जुने असते. तेथे मिस्त्रीच्या निदानावर प्रवाशाचा जीव अवलंबून असतो. म्हणून अचूकता हे त्याचे कौशल्य तर आहेच, त्याहून अधिक ते त्याचे कर्तव्य आहे. यंत्र असो वा संस्था, दुरुस्तीचे दायित्व ज्यांच्याकडे आहे त्यांनी काहीही बदलण्यापूर्वी कारण सिद्ध करावे आणि ते सिद्ध झाल्यावर क्षणाचाही विलंब करू नये.