पडणाऱ्याचं नशीब आणि एक हिरवा स्क्रू

अमेरिकेत पुष्कळ घरांचं गॅरेज घरापासून सुटं, अंगणापलीकडे असतं. तिथे वीज न्यायची तर चर खणावा लागतो, आणि तो किती खोल हे खणणाऱ्याच्या मर्जीवर नसतं. तिथल्या राष्ट्रीय विद्युत संहितेची पहिली आवृत्ती १८९७ सालची. तिच्या नियमाने केबल नुसती मातीत पुरायची तर साधारणपणे २४ इंच खाली हवी, प्लॅस्टिकच्या पाइपातून न्यायची तर १८.

एवढं खोल कोणासाठी? केबल कुठून गेली हे मालकाला ठाऊकच असतं. नियम आहे तो पुढे कधीतरी ते घर विकत घेऊन तिथे गुलाब लावायला फावडं मारणाऱ्यासाठी. जो अजून आलेलाच नाही, त्याचं आपण काही देणं लागतो का?

प्रश्न विजेहून फार जुना आहे. ज्यूंच्या तोराहमधल्या ‘अनुवाद’ ग्रंथात, २२व्या अध्यायात, नवं घर बांधणाऱ्याला गच्चीला कठडा घालण्याची आज्ञा आहे. नाहीतर पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष घराला लागतो. तालमूद या ज्यू धर्मग्रंथाच्या पंडितांनी इथे एक बारीक गोष्ट हेरली. मूळ हिब्रूत त्या माणसाला, तो पडण्याआधीच, ‘पडणारा’ म्हटलं आहे. म्हणजे त्याचं पडणं आधीच ठरलेलं होतं की काय? अपघातानंतर आपल्याकडेही लोक म्हणतातच, ‘त्याचं भरलंच होतं.’ पंडितांनी हे खोडून काढलं नाही. असेल, सृष्टीच्या आरंभापासून ठरलेलं असेल. पण वाइटाला निमित्त होतो तो दोषी माणूसच. नशीब पुरतं मान्य करूनही कठडा माफ होत नाही, आणि या उत्तराचं मोठेपण त्यातच आहे.

बाराव्या शतकात ज्यू धर्मपंडित मायमोनिडीझने ही आज्ञा उघड्या विहिरीलाही लावली. कोठार आणि गोठा मात्र त्याने वगळले, कारण ती राहायची जागा नव्हे. गॅरेजही राहायची जागा नव्हे. पण संहिता त्याला सोडत नाही, आणि ते योग्यच आहे. ओल्या फरशीवर उभं राहून ड्रिल चालवणारा माणूस दिवाणखान्यात नाही, गॅरेजातच सापडतो. म्हणून १९७८ पासून गॅरेजच्या प्लगांना ४ ते ६ मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारं उपकरण लागू झालं. त्याचे जनक बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डालझील. किती प्रवाहाला मूठ सुटेनाशी होते, हे शोधायला त्यांच्या प्रयोगांत स्वयंसेवकांनी खरोखरीच विजेची तार हातात धरली होती. अनोळखी माणसासाठी सोसलेले ते झटके त्या आकड्यामागे आहेत.

मग तो स्क्रू. घराच्या मुख्य पॅनलमध्ये छोटा हिरवा स्क्रू न्यूट्रलला धातूच्या पेटीशी जोडतो. गॅरेजच्या पॅनलमध्ये तो बसवायचा नसतो. तिथे न्यूट्रल वेगळी आणि अर्थिंग वेगळं, म्हणूनच घरातून चार तारा येतात. चुकून बसवला तरी दिवे लागतात, गॅरेजचं दार उघडतं, कोणाला काही कळत नाही. फक्त परतीचा प्रवाह अर्थिंगच्या तारेतून आणि धातूतून वाहायला लागतो, आणि कुठला तरी जोड ढिला होईपर्यंत सगळं ठीक चालतं.

तपासनीस पाहून जाईपर्यंत चर उघडा ठेवायचा असतो. तो पेटीचं झाकण काढायला लावतो, स्क्रूची जागा बघतो, चरात उतरून टेप लावतो. २४ इंच भरले की माती लोटतात, आणि पुढच्या पावसात तिथे गवत येतं.