पंक्ती कोणाची?
(गलती. २:११-१४)

अंत्युखियास पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीस जेवत असे. परंतु याकोबाकडून माणसे येताच भयाने वेगळा झाला. अन्न तेच होते, पाहणारे बदलले.

आपल्या कोल्हापुरात, अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात स्पृश्य लोक चहा घेईनात. तेव्हा शाहू छत्रपती (१८७४-१९२२) तेथे गाडी थांबवून स्वतः चहा पीत व बरोबरच्यांसही पाजीत. राजा पीत असता नाही कोण म्हणणार?

आपण कोणाची भाकर खातो, हे जिभेवर नव्हे, तर कोणाचे भय व कोणाची प्रीति धरतो यावर ठरते. दुसऱ्या वाड्यातील नवा बाप्तिस्मा झालेला बंधु जेवावयास बोलावील, तेव्हा सोयऱ्यांकडे पाहू नका. जकातदारांच्या पंक्तीस बसलेल्या प्रभूकडे पाहा. प्रभुभोजनाच्या मेजाशी येण्यापूर्वी त्या बंधूच्या चुलीपाशी बसून या. आमेन.