दया नव्हे, हक्क



गरिबासाठी राज्य काय करते, हे नुसत्या तिजोरीवर ठरत नाही. समाजाच्या समजुतीवरही ठरते. दारिद्र्य म्हणजे मागील जन्मीच्या पापाचे फळ, असे मानणारा समाज गरिबाला उरलेसुरले देतो आणि त्यालाच पुण्य म्हणतो. येसकराच्या पदरात पडणारी शिळी भाकर याच समजुतीची होती.

तथागतांची शिकवण निराळी. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात त्यांनी महाविजित राजाची कथा सांगितली आहे. राजाला मोठा यज्ञ करायचा असतो. पण राज्यात लुटालूट माजलेली असते. पुरोहित म्हणतो, ही शिक्षेने थांबणार नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला वेतन दे. राजा तसे करतो आणि प्रजा निर्भय होते. येथे दारिद्र्य हा दैवाचा लेख नाही. त्याला कारण आहे, आणि ते दूर करणे हे राज्याचे कर्तव्य आहे.

आपल्या घटनेच्या ४१ व्या कलमात कामाचा हक्क आला. १९७२ च्या दुष्काळाचे चटके सोसलेल्या महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता, अशी तरतूद त्यात केली. भिकेची जागा हक्काने घेतली.

पण कचेरीच्या दारातून "आपले नशीबच फुटके" म्हणत आपण परत फिरलो, तर तीच जुनी समजूत आपल्याबरोबर घरी येते. म्हणून अर्ज लेखी द्या, पोच घ्या, मान ताठ ठेवा.

नमो बुद्धाय! जयभीम!