घड्याळ कोणाच्या मापाचे?

निवृत्तीच्या पैशातून एखादे भारी घड्याळ घ्यावे, रोज वापरावे आणि मागे नातीला ठेवावे, असे माझ्या मनाने घेतले आहे. डोळ्यांत भरले आहे ते आय.डब्ल्यू.सी.चे ‘बिग पायलट’. १९४० साली ते ५५ मिलिमीटरचे होते. वैमानिकाने जाड कोटाच्या बाहीवरून बांधायचे म्हणून. २००२ साली ४६ मिलिमीटरचे होऊन ते पुन्हा आले.

आता मला कुठे विमान उडवायचे आहे? तुम्ही म्हणाल, हौसेला मोल नसते. खरेच, पण हौसेला ‘वारसा’ म्हटले की चैनीलाही सोवळे नेसवता येते! नातीचे मनगट नाजूक. ते माप माझ्या मिरवण्याचे. शिवाय यांत्रिक घड्याळातले तेल सुकते. दर काही वर्षांनी ते कारागिराकडून उघडून घ्यावे लागते. म्हणजे वस्तूबरोबर तिचा खर्चही पोरीच्या गळ्यात.

ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला दिलेले ते दान कसले? तेव्हा घड्याळ घ्यायचे ते माझ्यासाठी, हे उघड सांगून. पुढे तिने ते विकले तरी चालेल. माझ्या वापराचे ओरखडे पडलेले ते घड्याळ तिने आपखुशीने ठेवून घेतले, तरच तो वारसा.