चाहत्याची साक्ष

उन्हाळी सुटी लागण्यापूर्वीची गोष्ट. कलबुर्गीच्या आमच्या कचेरीत पक्षकारांची वर्दळ सुरू व्हायच्या आधीच माझा तरुण सहकारी येऊन बसला होता. डोळे रात्रभर जागल्यासारखे. चेहरा मात्र प्रफुल्ल. हा मुलगा बसवकल्याणकडचा. घरात मराठी, गल्लीत कानडी, बाजारात दखनी आणि न्यायालयात इंग्रजी, अशा चार बोलींत आमच्या सीमाभागातील माणसे वावरतात तसाच सहज वावरणारा. त्याच्या आवडत्या परदेशी रॉक बँडचा नवा अल्बम आदल्या मध्यरात्री प्रसिद्ध झाला होता. आजवर गिटार आणि ढोल यांवर निभावून नेणाऱ्या त्या मंडळींनी या वेळी अख्खा सिंफनी ऑर्केस्ट्रा सोबतीला घेतला होता.

"सर, असं संगीत आजवर झालेलंच नाही!" तो म्हणाला.

मी सहज विचारले, "सगळं ऐकलंस?"

तो किंचित ओशाळला. "दोनच गाणी झालीत अजून. पण बाकीचंही तसंच असणार."

त्या बँडचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. कारण प्रश्न त्या बँडचा नव्हता. पुरावा पुढे येण्यापूर्वीच निकाल देऊन मोकळे होणाऱ्या प्रेमाचा तो प्रश्न होता. ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याच्या कृतीविषयी आपल्याला प्रामाणिक मत देता येते काय? आणि येत असेल, तर तसे मत देणे हे आपले कर्तव्य आहे काय?

पहिले उत्तर सोपे वाटते. न्यायाधीशाचा पक्षकाराशी संबंध असेल तर त्याने तो खटला चालवू नये, हे तत्त्व सर्वमान्य आहे. त्याच न्यायाने चाहत्यानेही मत देऊ नये, असे कोणी म्हणेल. पण चाहता हा न्यायाधीश असतोच कोठे? तो साक्षीदार असतो. आणि साक्षीदाराविषयी कायद्याची दृष्टी बरीच उदार आहे. दिलीपसिंग विरुद्ध पंजाब राज्य या 1953 मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी हा मुद्दा स्पष्ट केला. केवळ नात्याचा म्हणून साक्षीदार अविश्वसनीय ठरत नाही. उलट खऱ्या अपराध्याला सोडून निरपराध्याला गुंतविण्याची इच्छा जवळच्या नातलगाला सामान्यतः सर्वांत कमी असेल, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. आपुलकी हा दोष नव्हे; मात्र साक्ष काळजीपूर्वक पारखून घेतली पाहिजे. मला वाटते, कलेच्या दरबारातही चाहत्याला याहून कठोर नियम लावू नये.

किंबहुना, कलेत चाहत्यावाचून भागतही नाही. कलावंत जेव्हा आपली मळलेली वाट सोडून मोठे धाडस करतो, तेव्हा ते पहिल्या श्रवणात उमगेलच असे नाही. तटस्थ माणूस एकदा ऐकतो आणि उठून जातो. दुसऱ्यांदा, दहाव्यांदा ऐकण्याइतका धीर प्रेमाजवळच असतो.

रॉक आणि ऑर्केस्ट्रा यांच्या संगमाचे प्रसिद्ध उदाहरण घ्या. 24 सप्टेंबर 1969 रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये 'डीप पर्पल' या बँडने रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रासह एक तीन भागांची रचना सादर केली. रचनाकार बँडमधील ऑर्गनवादक जॉन लॉर्ड. संचालन माल्कम अर्नोल्ड यांचे. मते तेव्हाही दुभंगली. विजेच्या गिटारीचा कडकडाट आणि शंभर वर्षांची शिस्त अंगी बाणलेली व्हायोलिने खरोखर एकजीव झाली, की दोन्ही केवळ आळीपाळीने बोलत राहिली, याविषयी आजही वाद घालता येईल. पुढच्याच वर्षी त्या बँडने आपला मोहरा पुन्हा रोखठोक रॉककडे वळविला. त्या रचनेची मूळ स्वरलिपी तर गहाळच झाली.

ती परत मिळाली एका चाहत्यामुळे. मार्को दे गुई नावाच्या डच संगीतकाराने त्या मैफलीचे ध्वनिमुद्रण पुनःपुन्हा ऐकून, तिचे चित्रण पाहून, एकेका वाद्याची ओळ कानांनी वेचून काढली आणि ती स्वरलिपी नव्याने उभी केली. ती त्याने लॉर्ड यांच्या स्वाधीन केली, आणि सप्टेंबर 1999 मध्ये त्याच सभागृहात लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासह ती रचना पुन्हा वाजली. ध्यानात घ्यावे ते हे, की असे काम करणाऱ्याला रचनेतील दुबळी जागा लपविता येत नाही. सनई कोठे बुडाली, कोठे दोन वाद्यमेळ एकमेकांना अडखळले, हे सारे त्याला ऐकावेच लागते. त्याच्या प्रेमाने निकाल दिला नाही, कान दिला.

आता आपल्याकडे पाहू. दक्षिण गोव्यातील माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील नामवंत व्हायोलिनवादक आणि अरेंजर. पाश्चात्य वाद्यवृंदाला हिंदुस्थानी रागांत बोलते करावे, हा त्यांचा ध्यास. 1958 साली त्यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभराच्या वर वादक जमले. लता मंगेशकर आणि मन्ना डे यांच्यासारखे गायक त्यात सहभागी झाले. सारंग रागात काँचेर्तो रचण्याचे हे साहस लंडनच्या त्या मैफलीहून अकरा वर्षे आधीचे आहे. 1965 मध्ये ते अमेरिकेला गेले. पुढे 1977 च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील गाण्यात त्यांचे नाव गुंफले गेले. चित्रपटाच्या संगीतकार जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे शिष्य, आणि ती त्यांची गुरुदक्षिणा होती. त्या गाण्याने एक नाव कोट्यवधी ओठांवर गेले. परंतु त्या नावामागची सिंफनी कितीजणांच्या कानांवर आहे? शिष्याच्या कृतज्ञतेला मी उणे लेखत नाही; उणेपण आम्हा श्रोत्यांचे आहे. नाव गुणगुणणे सोपे होते. ते आम्ही केले.

आपल्या परंपरेत याचे मर्म फार पूर्वीच ओळखलेले आहे. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्ती विवरिली, तिच्यात पहिले स्थान श्रवणाला आहे, कीर्तन त्यानंतरचे. हा क्रम उगीच नाही. आमच्या हुमनाबादजवळच्या माणिकनगरात दत्तजयंतीच्या उत्सवात गायक प्रभूंच्या चरणी सेवा रुजू करतात, तेव्हा समोर बसलेल्या जाणत्यांची दादही ऐकण्यासारखी असते. ती सरसकट नसते. एखादी जागा नेमकी पडली की मान हलते; न पडली की ती माणसे गप्प राहतात. त्या मौनाचाही गायकाला उपयोग होतो. ज्या सभेत प्रत्येक तानेला 'वाहवा' मिळते, तेथे गायकाला काय कळणार?

हे तत्त्वज्ञान मी सांगतो खरा. पण माझ्या खात्यावर एक देणे आहे. माझा एक शाळासोबती उत्तम पेटी वाजवीत असे. तिशीच्या आसपास त्याने गावच्या भजनी मंडळासाठी एक मोठी रचना बसविली. टाळ-मृदंगाच्या जोडीला व्हायोलिने होती, बासऱ्या होत्या, आणि मुलामुलींचा मोठा समूहस्वर होता. पहिला अर्धा तास अपूर्व होता. नंतर रचना लांबत गेली आणि अभंगाचे शब्द वाद्यांच्या गर्दीत हरवले. कार्यक्रमानंतर त्याने मला बाजूला घेऊन विचारले, "खरं सांग, कुठं कमी पडलं?" मला सारे दिसले होते. तरी मी म्हणालो, "छे रे, कुठंच नाही." त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल अशी माझी अपेक्षा होती. तो नुसता हसला आणि सतरंज्या गोळा करू लागला. त्यानंतर त्याने पेटी सोडली नाही. परंतु आपल्या संगीताविषयी मला पुन्हा कधी काही विचारले नाही.

मी त्याला दुखवू इच्छीत नव्हतो, हा माझा बचाव. पण उलटतपासणीत तो टिकणार नाही. दुखावण्याचे भय मला त्याच्यासाठी होते की स्वतःसाठी? खोटी स्तुती करून मी त्याच्या श्रमांचा नव्हे, माझ्या सोयीचा मान राखला. अनोळखी श्रोत्याने मौन पाळले असते तर तो केवळ अनोळखी राहिला असता. मी तर त्याचा माणूस होतो, आणि माणूस म्हणूनच त्याने मला साक्षीला बोलाविले होते.

आठवडाभराने माझा सहकारी पुन्हा त्या अल्बमवर बोलू लागला. या वेळी आवाज खाली होता. "सर, तिसऱ्या गाण्यात ऑर्केस्ट्राला काही कामच नाही, नुसता मागे भिंतीसारखा उभा आहे. पण शेवटच्या गाण्यात एकटा चेलो येतो ना, तिथं मी पाच वेळा थांबलो." त्याचा उत्साह ओसरला असेल असे मला वाटले होते, तसे काही दिसले नाही. मी समोरची फाईल मिटली आणि म्हणालो, "ते शेवटचं लाव बघू. आणि तिसरंही लाव."