ओझे कोठे बांधावे?

सायकल हे मुळात एका माणसाचे वाहन. दोन चाके, एक बैठक, एक हँडल. ओझे वाहण्याची सोय ही नंतरची भर. त्यातही मागचे कॅरिअर आपल्याकडे सायकलीबरोबर इतक्या सहजपणे येते, की ते बसवायचे कुणी ठरवले हा प्रश्नही मनात येत नाही. पुढच्या कॅरिअरचे तसे नाही. ते मुद्दाम मागावे लागते, मुद्दाम बसवून घ्यावे लागते. ज्या दिवशी मनुष्य ते बसवतो त्या दिवशी त्याच्याजवळ ओझे असतेच असे नाही; पण अजून न आलेल्या, वजन ठाऊक नसलेल्या ओझ्याला त्याने आगाऊ होकार दिलेला असतो. हा होकार म्हणजे औदार्य की अविचार? आणि तो देण्याचा अधिकार नेमका कुणाचा?

इव्हान इलिच या विचारवंताने १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एनर्जी अँड इक्विटी’ या छोट्या पुस्तकात सायकलीचा मोठा गौरव केला आहे. पायी चालणाऱ्याच्या तिप्पट-चौपट वेगाने सायकलस्वार जातो आणि तरीही त्याला शक्ती पाचपट कमी लागते, असा त्याचा हिशेब. इलिच हा एके काळी कॅथलिक धर्मगुरू होता. यंत्राकडे पाहताना ते माणसाला मोकळे करते की बांधून टाकते, हे तो आधी पाही. त्याचा हिशेब मान्य केला तर पुढचा प्रश्न टाळता येत नाही. सायकलीने वाचवलेले हे बळ कुणाचे? स्वाराने ते स्वतःच्या वेगासाठी, विश्रांतीसाठी राखून ठेवावे, की त्यात दुसऱ्याचा वाटा असावा? कॅरिअर हे या प्रश्नाचे लोखंडात दिलेले उत्तर आहे.

बसवण्याची कृती तशी सोपी. पुढच्या चाकाचे दोन्ही नट पान्ह्याने सैल करायचे, कॅरिअरच्या दोन उभ्या सळयांची भोके आसाच्या टोकांवर चढवायची, वायसर घालून नट दोन्हीकडून सारखे आवळायचे, वरची चौकट पट्टीने जखडायची. मग चाक उचलून फिरवून पाहायचे. ते चिमट्याच्या मधोमध फिरले पाहिजे. दांड्यांच्या ब्रेकच्या जुन्या सायकलींत आणखी एक जपावे लागते. पुढच्या ब्रेकची दांडी हँडलकडून खाली उतरते. कॅरिअरची पट्टी तिला अडली, तर ओझे वाढते आणि नेमके तेव्हाच थांबणे अवघड होते. दिव्याचेही तसेच. तो जुन्या जागी राहिला तर सामानाच्या मागे दडतो आणि उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी भाजीच्या पिशवीवर पडतो. म्हणून जाणता मिस्त्री दिवा काढून कॅरिअरच्या पुढच्या टोकाला लावतो.

खरा विचार करावा लागतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. पुढचे कॅरिअर दोन ठिकाणी बसवता येते. एक प्रकार चिमट्याला जोडलेला: हँडल वळेल तसे ओझेही वळते. दुसरा प्रकार सायकलीच्या सांगाड्यालाच, हँडलच्या खालच्या आडव्या-उभ्या नळ्या जिथे मिळतात तिथे, घट्ट जोडलेला: हँडल कुठेही वळो, ओझे सांगाड्याच्या रोखाने सरळच राहते. सायकल तोल सांभाळते ती हँडलच्या अखंड चाललेल्या लहान लहान हालचालींनी. आपण सरळ जात आहोत असे वाटते तेव्हाही हात थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे करीतच असतात. ओझे चिमट्यावर असेल तर यांतल्या प्रत्येक हालचालीबरोबर ते हलवावे लागते. मुंबईचे डबेवाले हँडलला डब्यांच्या पिशव्या अडकवून गर्दीतून जातात, तेव्हा त्यांच्या मनगटांना काय पडत असेल याची कल्पना यावी. सांगाड्यावरचे ओझे मनगटांना असे छळत नाही. मात्र हँडल वळले तरी समोरची टोपली वळत नाही हे पाहून नवखा स्वार प्रथम बावरतो.

इतरांसाठी करायच्या गोष्टींचेही हे दोन प्रकार आहेत असे मला वाटते. काही आपण त्या त्या वेळच्या मनावर टांगतो. मन वळले की त्याही वळतात. आज शेजारच्या म्हातारीचे औषध आणले, उद्या कंटाळा आला. काही मात्र आपल्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. त्यांच्याविषयी रोज नव्याने ठरवावे लागत नाही. लहानसहान उपकारांसाठी पहिली रीत पुरते, नव्हे, तीच शोभते. प्रत्येक गोष्टीचे कर्तव्य करून टाकणारी माणसे सहवासाला जड असतात. पण आजारी आईबाप, पोरकी भाचरे असे जड आणि लांबच्या पल्ल्याचे ओझे मनाच्या हँडलवर टांगले, तर वाहणारा थकतो आणि ओझेही सुखरूप पोचत नाही.

येथवर आपण असे गृहीत धरले की कॅरिअर बसवणारा आणि पायडल मारणारा एकच. प्रत्यक्षात तसे फार थोड्या वेळा घडते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमधील वर्तमानपत्रांचे गठ्ठे छापखान्यांपासून विक्रीच्या टपऱ्यांपर्यंत सायकलस्वार पोचवीत. त्यांच्या सायकलींना पुढे मोठे, सपाट कॅरिअर असे, आणि त्यांची दर वर्षी शर्यतही होई; सुमारे १५ किलो कागद लादून! त्या शर्यतीचे कौतुक आजही केले जाते. इंग्लंडात खाटकाच्या, वाण्याच्या दुकानांतून घरोघरी माल नेणाऱ्या पोरांसाठी वेगळीच सायकल निघाली. तिचे पुढचे चाक मुद्दाम लहान, म्हणजे वरच्या टोपलीचे वजन जमिनीच्या जवळ राहावे; आणि सांगाड्याच्या मधल्या मोकळ्या जागेत पत्रा, त्यावर दुकानाचे नाव. रचना अत्यंत शहाणपणाची. पण वाचलेले बळ कुणाचे, याचे उत्तर त्या पत्र्यावर रंगवलेले होते. आज आपल्या शहरांत पाठीवर चौकोनी पेटी बांधून घरपोच जेवण नेणारी तरुण मुले दिसतात, त्यांत काही सायकलवरचीही असतात. तिथे तर कॅरिअरही उरलेले नाही. पाठीचा कणाच कॅरिअर झाला आहे.

दुकानदारांना नावे ठेवणे सोपे आहे. आपल्या घरांत काय चालते? थोरल्याच्या सायकलीला कॅरिअर आणि धाकट्याच्या सायकलीला नुसती घंटी, असे कितीतरी घरांत होते. मग दळण थोरल्याने आणायचे, रॉकेलचा डबा त्यानेच, बाजारात केळीचे घडही त्यानेच पोचवायचे, कारण ‘त्याच्याकडे कॅरिअर आहे ना!’ सायकली गेल्या, मोटारी आल्या, तरी हे वाक्य निराळ्या रूपांत टिकून आहे. जे भावंड एकदा हो म्हणाले त्यालाच फोन जातो. त्याच्या चांगुलपणाची आपण तोंडभर स्तुती करतो, आणि ती स्तुती आणखी एक पिशवी ठेवण्याआधीची मऊ घडी असते. औदार्य त्याने एकदा दाखवलेले असते. त्याचा ठेका मात्र आपण परस्पर घेतलेला असतो.

सायकलींच्या कॅरिअरसाठी आयएसओ ११२४३ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. जास्तीत जास्त किती भार चालेल हा आकडा कॅरिअरवरच नोंदलेला असावा, अशी त्याची अट आहे. मला ही अट फार माणुसकीची वाटते. लोखंडालाही आपली मर्यादा अंगावर कोरून बाळगण्याची मुभा आहे, आणि त्यामुळे त्याला कुणी आपमतलबी म्हणत नाही. माणसाने तेवढेच सांगितले, तर मात्र घरातली माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. आकडा वाहणाऱ्याने सांगायचा असतो, लादणाऱ्याने नव्हे, हे मान्य करायला आपल्याला इतके जड का जावे?

पुढे ओझे असलेल्या सायकलीची एक खोड सायकलवाल्यांना चांगली ठाऊक असते. चिमट्यावर वजन ठेवले की हँडल एकदम एका बाजूला गरकन वळते आणि सायकल आडवी होते. एका पायाचा स्टँड तिला पुरत नाही. दोन पायांची घोडी लागते, आणि तरीही पोते चढवताना समोर उभे राहून कुणीतरी दोन्ही हातांनी हँडल धरून ठेवावे लागते.